चार आण्याची मोटार, बारा आण्याचा मसाला

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगून गेली. त्यांच्या काळी वेगवान मोटारी असत्या, तर या म्हणीला तिसरे चरणही जोडले गेले असते: मोटार पाहावी पोसून. स्पोर्ट्स कार या नावाने ओळखली जाणारी, दोन माणसांना जेमतेम सामावणारी, जमिनीलगत धावणारी ही मोटार नवी असते तेव्हा ती धनिकांची चैन असते. तीच मोटार वीस-पंचवीस वर्षांची झाली की तिची किंमत उतरते आणि ती मध्यमवर्गीयाच्या नजरेच्या टप्प्यात येते. युरोपात आणि अमेरिकेत अशा वयस्क मोटारींचा फार मोठा बाजार आहे. विद्यार्थिदशेत जिचे चित्र खोलीच्या भिंतीवर लावले, ती मोटार पन्नाशीत एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या भावात मिळते आहे, असे पाहून कितीतरी पगारदार माणसे आपली शिल्लक घेऊन या बाजारात उतरतात. त्यानंतर त्यांच्या वाट्याला जे येते ते मोटारींच्या शौकिनांपुरते मर्यादित नाही. जुनी वस्तू घेऊन ती चालू ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, अशा प्रत्येकाने ते समजून घेण्याजोगे आहे.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

उदाहरणादाखल पोर्शे या जर्मन कंपनीची ९११ ही मोटार घ्यावी. १९६३ साली ती प्रथम लोकांपुढे आली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ तिचे इंजिन हवेने थंड होत राहिले. १९९७ साली आलेल्या पिढीत, जी ९९६ या क्रमांकाने ओळखली जाते, प्रथमच पाण्याने थंड होणारे इंजिन बसविण्यात आले. १९९९ साली अमेरिकेत ही मोटार नवी घेणाऱ्याला सुमारे ६५,००० डॉलर मोजावे लागत. पुढे पंधरा वर्षांनी तीच मोटार अनेक ठिकाणी वीस हजार डॉलरांच्या आसपास मिळू लागली. हिशेबतपासनीसाच्या भाषेत यालाच घसारा म्हणतात, आणि त्यात विस्मय वाटावे असे काही नाही.

विस्मय वाटतो तो नंतर. मोटार वीस हजारांची झाली, तरी तिचे ब्रेक, तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, तिचे क्लच मात्र पासष्ट हजारांच्या मोटारीचेच राहतात. सुटे भाग विकणारा मोटारीचे वय विचारत नाही आणि तिच्यावर काम करणारा मेकॅनिक तासाची मजुरी कमी करीत नाही. उलट मोटार जसजशी वयस्क होते, तसतसे तिचे न झिजलेले भागही झिजू लागतात. या ९११ चे रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे, बंपरच्या आत बसविलेले असतात. बंपरच्या झरोक्यांतून आत शिरलेला पालापाचोळा तेथे वर्षानुवर्षे साचतो, पावसात भिजतो, कुजतो आणि शेवटी रेडिएटर व वातानुकूलनाचे कंडेन्सर पोखरतो. नव्या मोटारीच्या मालकाला हा खर्च कधी दिसतच नाही. त्याने मोटार विकलेली असते. तो दिसतो तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाला, म्हणजे ज्याची ऐपत पहिल्याच्या मानाने सर्वांत कमी त्याला.

या उलट्या गणितात सारी गोम आहे. उत्पन्न जसे कमी तशी मोटार जुनी, आणि मोटार जशी जुनी तसा दुरुस्तीचा खर्च जास्त. श्रीमंताने उपभोगलेल्या वर्षांचे बिल त्याच्यामागून येणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या हाती पडते.

उघडलेच आहे तर

याच पिढीच्या इंजिनात एका मधल्या दांड्याच्या टोकाला एक बॉल बेअरिंग असते. ते हाताच्या मुठीत मावेल एवढे लहान आहे. हा दांडा इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेच्या साखळ्या चालवितो. बेअरिंग फुटले, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ बिघडतो, धातूचे तुकडे तेलातून सर्वत्र पसरतात आणि बहुधा संपूर्ण इंजिनच बदलावे लागते. नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाचा खर्च अशा वेळी मोटारीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जातो, कधी तर तिच्या किमतीएवढाच होतो. बहुसंख्य मोटारींत हे बेअरिंग कधीच फुटले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु ज्यांच्या मोटारींत ते फुटले, त्यांच्यापैकी अनेकांना पूर्वसूचना मिळाली नव्हती. २००१ ते २००५ या सालांच्या काही मोटारींबाबत अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा लावला आणि पुढे त्यात तडजोड झाली.

हे बेअरिंग आधीच बदलून घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे. मात्र तेथवर पोहोचायचे, तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि क्लच काढावे लागते. म्हणून क्लच झिजले की त्याच वेळी बेअरिंगही बदलावे, असा शहाणपणाचा सल्ला दिला जातो. सल्ला रास्तच आहे. पण गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर मुख्य दांड्याच्या टोकाचे तेलाचे सीलही बदलावे, फ्लायव्हील तपासावे, एखादी रबरी नळी कडक झाली असेल तर तीही आताच घ्यावी. मजुरी एकदाच पडते, हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि त्याच्याच पायी क्लचचे बिल पाहता पाहता दुप्पट-तिप्पट होते. जुने घर रंगवायला काढले की गिलावा निघतो, गिलावा काढला की वायरिंग दिसते आणि वायरिंग बदलताना छताचे गळणे ध्यानात येते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना ही परंपरा नवी वाटणार नाही.

पुष्कळदा मूळ भाग स्वस्त असतो. महाग असते ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. ब्रिटनच्या जग्वार कंपनीची ई-टाइप ही मोटार १९६१ च्या मार्च महिन्यात जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा सुमारे दोन हजार पौंडांत एवढे रूप आणि एवढा वेग कसा मिळतो, याचे जगाला नवल वाटले. त्या किमतीचे पुढचे हप्ते मेकॅनिकने वसूल केले. या मोटारीचे क्लच बदलायचे तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत, डिफरन्शियलला लागून आहेत. त्यामुळे त्यांच्या मोठ्या कामासाठी मागची सारी यंत्रणा खाली उतरविणे श्रेयस्कर ठरते. अभियंत्यांनी ही रचना चाकांवरचे वजन कमी करण्यासाठी केली होती आणि रस्त्यावरच्या पकडीसाठी ती योग्यच होती. पन्नास वर्षांनंतर आडवे पडून ते ब्रेक सोडविणाऱ्या माणसाचा विचार त्यांनी केला नव्हता, एवढेच. २००८ साली जग्वार कंपनी टाटा मोटर्सकडे, म्हणजे मुंबईच्या मालकीत आली. २०१७ पासून कॉव्हेंट्री येथील तिच्या कार्यशाळेत जुन्या ई-टाइप मोटारी संपूर्ण उलगडून पुन्हा उभ्या केल्या जाऊ लागल्या. अशा पुनर्जन्म पावलेल्या मोटारीची किंमत अडीच लाख पौंडांच्याही पुढे ठेवण्यात आली होती. एका मोटारीत किती तासांची मजुरी दडलेली असते, हे यावरून ताडता येते.

न चालवताही झिजते

खर्च वाचविण्याचा सर्वांत सुचणारा उपाय म्हणजे मोटार कमी चालविणे. दुर्दैवाने हा उपाय फसवा आहे. फेरारीच्या ३४८, एफ ३५५ आणि टेस्टारोसा या मोटारींच्या इंजिनांत व्हॉल्व्हची यंत्रणा रबरी पट्ट्यांवर चालते. पट्टा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचा चुराडा होतो. म्हणून तीन ते पाच वर्षांनी पट्टे बदलावेत असा दंडक मानला जातो. येथे किलोमीटरपेक्षा वर्षांना अधिक महत्त्व आहे, कारण रबर वापराने झिजते तसेच नुसत्या काळानेही कडक होते. आणि या तिन्ही मोटारींत पट्टे बदलण्यासाठी पाठीमागचे इंजिन संपूर्ण खाली उतरवावे लागते. एवढ्या कामाचे बिल हजारो डॉलरांच्या घरात जाते. मोटार पाच वर्षांत पाचशे किलोमीटर धावली असली, तरी ते चुकत नाही.

या दृष्टीने ३६० मोडेना ही पुढची फेरारी मालकांना सुसह्य वाटली, कारण तिच्यात आसनांच्या मागील झाकण काढून इंजिन न उतरवता पट्टे बदलता येतात. हीच ती मोटार, जी डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सचिन तेंडुलकरला भेट मिळाली आणि जिच्या आयात शुल्काच्या माफीवरून २००३ साली देशभर वाद झाला. त्या वादात चर्चा झाली ती केवळ शुल्काची. भेट मिळालेली मोटारही दर तीन-चार वर्षांनी पट्टे मागते, हा मुद्दा कोणाच्या ध्यानी आला नाही. २०११ साली ती मोटार सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली गेली.

पट्ट्यांचे जे झाले, तेच इतर गोष्टींचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. न बदलल्यास लांब उतारावर ब्रेक दगा देऊ शकतात. टायरवरची नक्षी नव्यासारखी दिसत असली, तरी त्याचे रबर काही वर्षांत कडक होते आणि ओल्या रस्त्यावर ते पकड सोडते. त्याच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि साल यांचा चार आकडी अंक असतो. तो वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढल्याने जुन्या इंधननळ्या आणि रबरी वायसर लवकर खराब होतात. ब्रिटनमध्ये २०२१ साली दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, तेव्हा जुन्या मोटारींच्या मालकांना ही चिंता पडली होती. भारतात ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले असल्याने येथील जुन्या मोटारींच्या मालकांनाही ती चुकलेली नाही. तात्पर्य, मोटार गॅरेजमध्ये उभी ठेवल्याने घड्याळ थांबत नाही.

अ‍ॅम्बॅसॅडरची चुलत बहीण

एवढे वाचून प्रत्येक जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे दारातला पांढरा हत्ती, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात निघालेली एमजीबी ही मोटार पाहावी. तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले आहे. आपल्या हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसॅडरला अनेक वर्षे जे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन होते, तेही याच घराण्यातले. अ‍ॅम्बॅसॅडरचे बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला दुरुस्ती करणारा मेकॅनिक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एमजीबीचा मालक निश्चिंत का असतो हे सांगावे लागणार नाही. मोजकी हत्यारे, थोडे ज्ञान आणि रविवारची सकाळ एवढ्या भांडवलावर तिची बरीचशी कामे घरीच होतात.

या मोटारीचा खरा शत्रू म्हणजे गंज. पण त्यावरही उपाय निघाला. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीचे संपूर्ण नवे पत्र्याचे सांगाडे मूळ साच्यांवरून तयार करण्यास सुरुवात केली. १९८९ साली आलेली जपानची माझदा एमएक्स-५ ही याच परंपरेतली. २०१६ साली तिचे उत्पादन दहा लाखांवर पोहोचले आणि साधे इंजिन, विपुल सुटे भाग व माफक वेग यांमुळे ती सामान्य पगारदाराला झेपते. तेव्हा वय हे खर्चाचे एकमेव कारण नव्हे. किती गाड्या निघाल्या, रचना किती साधी आहे आणि सुटे भाग कोणी बनवीत आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर जुन्या मोटारीचे अर्थकारण अवलंबून असते.

किल्लीबरोबर येणारे देणे

या सर्व विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. जुन्या स्पोर्ट्स कारची कमी किंमत ही विक्रेत्याची उदारता नव्हे. न भरलेल्या बिलांची ती वजावट आहे. मागच्या मालकाने पट्टे बदलणे दोन वर्षे पुढे ढकलले, टायर आणखी एक हिवाळा चालविले, तेलाची गळती नुसती पुसून काढली. या प्रत्येक टाळाटाळीतून त्याने पैसे वाचविले असे त्याला वाटले. प्रत्यक्षात त्याने मोटारीवर कर्ज चढविले आणि किल्लीबरोबर ते नव्या मालकाच्या हाती दिले. जमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढलेला असेल तर तो वाचता तरी येतो. मोटारीवरचा बोजा कोठेच लिहिलेला नसतो.

म्हणूनच जाणकार ग्राहक मोटारीच्या रंगाआधी तिची वही पाहतो. कोणत्या साली काय बदलले, कोणत्या गॅरेजने बदलले, बिले जपून ठेवली आहेत काय, हे पाहूनच तो भाव करतो. खरेदीपूर्वी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेण्याची रीत पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. तीत सिलिंडरांचा दाब मोजला जातो आणि आवश्यक तर दुर्बिणीसारखी नळी घालून सिलिंडरांच्या भिंतीही पाहिल्या जातात. या तपासणीचे दाम एका ब्रेकच्या कामाहून कमी असते, पण उत्साहाच्या भरात तेवढेच नेमके टाळले जाते. खिशातली सगळी रक्कम मोटारीच्या किमतीत घालणारा माणूस पहिल्या बिघाडालाच हतबल होतो. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम बाजूला ठेवून मग उरलेल्या पैशांत मोटार शोधणारा माणूस पुढे ती आनंदाने चालविताना दिसतो.

जुनी मोटार ही गुंतवणूक आहे, असे समर्थन अलीकडे वारंवार ऐकू येते. हवेने थंड होणाऱ्या ९११ चे भाव २०१० नंतरच्या दशकात खूपच चढले आणि ई-टाइपची आजची किंमत तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट आहे, हे खरे आहे. परंतु या हिशेबात विमा, गॅरेजचे भाडे आणि वर्षानुवर्षांची दुरुस्ती क्वचितच धरली जाते. शिवाय चढा भाव मिळतो तो नीट राखलेल्या मोटारीलाच. ज्याने देखभालीत पैसे वाचविले, त्याला चढत्या बाजाराचाही पुरता लाभ मिळत नाही.

याहून अवघड क्षण येतो तो मोठा खर्च होऊन गेल्यावर. इंजिनावर आठ हजार घातले. आता गिअरबॉक्स कुरकुरू लागला. आधीचे आठ हजार फुकट जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी पाच हजार घालतो. गेलेला पैसा गेला, पुढच्या खर्चाचा विचार त्याला वगळून करावा, हे अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते. स्वतःच्या हातांनी पुसलेल्या, मुलांना शेजारी बसवून चालविलेल्या मोटारीपुढे उभे असताना ते आठवणे सोपे नसते. कित्येक कुटुंबांची शिल्लक अशा पायरी-पायरीनेच संपते. त्याहून वाईट म्हणजे शिल्लक संपल्यावर कात्री लागते ती बहुधा न दिसणाऱ्या कामांना, म्हणजे ब्रेक, टायर आणि सुकाणूचे सांधे यांना. रंग चकाकत राहतो आणि धोका त्या मोटारीतल्या माणसाला तसाच रस्त्यावरून चालणाऱ्यालाही असतो.

हात आणि हत्यारे

खर्चाचा आणखी एक घटक पैशाने सहजी सुटत नाही, आणि तो म्हणजे कारागीर. कार्बोरेटर कानाने जुळविणारी, पत्रा ठोकून पूर्ववत करणारी पिढी सगळ्याच देशांत वयस्क होत आहे. नव्या मेकॅनिकचे शिक्षण संगणकावर झाले आहे, आणि १९९० नंतरच्या मोटारींना तेही पुरत नाही, कारण त्यांतील इलेक्ट्रॉनिक पेट्यांशी बोलणारी उपकरणे अनेकदा कंपनीच्याच ताब्यात असतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, तो याच जाचामुळे. दुरुस्तीसाठी लागणारी माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजला मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

सुटे भाग संपले की नवे तंत्रज्ञान काही अंशी मदतीला येते. अवघ्या २९२ गाड्या निघालेल्या पोर्शे ९५९ या मोटारीच्या क्लचचा एक तरफेसारखा भाग २०१८ पासून त्रिमितीय मुद्रणाने तयार होऊ लागला. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी ओतकामाचा साचा पुन्हा मांडणे परवडण्याजोगे नव्हते. भारतातही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना स्वतंत्र नोंदणी मिळाली आणि जुने यंत्र जपणे हा एक मान्य व्यवहार ठरला. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले. त्या मोटारीच्या एका चांगल्या दुरुस्तीच्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

जुन्या मोटारीचा मालक निदान स्वतःच्या पैशाने शिकतो. सार्वजनिक व्यवहारात तेवढेही घडत नाही. शाळेची इमारत, गावची पाणीयोजना, जिल्ह्याच्या रुग्णालयातील यंत्र यांच्या उद्‌घाटनाला निधी मिळतो. पाचव्या वर्षीच्या वायसरासाठी, दहाव्या वर्षीच्या गिलाव्यासाठी तो मिळत नाही. पुढे ढकललेली दुरुस्ती ही तेथेही बचत म्हणूनच कागदावर दाखविली जाते आणि पुढच्या मुख्याध्यापकाच्या, पुढच्या सरपंचाच्या माथी मारली जाते. मोटार न परवडल्यास ती विकता तरी येते, गावची पाणीयोजना कोणाला विकणार? कोणतीही वस्तू घेताना तिच्या किमतीशेजारीच पुढच्या दहा वर्षांच्या सांभाळाचा आकडा मांडण्याची सवय लावून घेतली, तर काही मोटारी विकत घेतल्या जाणार नाहीत आणि काही योजनांचे आकार लहान होतील. ज्या घेतल्या जातील, त्या मात्र चालत्या राहतील.